पाहुण्याचे ऋण

आमच्या आर्वीपासून फार दूर नाही, वर्धा नदीच्या पैलतीरावर कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते ओळखले जाते. आषाढीसाठी रुक्मिणीची पालखी तिथून पंढरपूरला जाते, आणि ही परंपरा चारशेहून अधिक वर्षांची असल्याचे सांगतात. वारी करून परतलेल्या माणसाला, काय काय पाहिलेत, असे विचारून पाहावे. विठोबाचे दर्शन तो दोन वाक्यांत आटोपतो आणि मग वाटेवरच्या माणसांच्या गोष्टी सुरू होतात. अमक्या गावी पिठले-भाकर कशी मिळाली, तमक्या गावी एका म्हातारीने पाय धुवायला ऊन पाणी कसे दिले, पावसात कोणी ओसरी कशी रिकामी करून दिली. सांगता सांगता त्याचा गळा दाटून येतो. आपल्याच गावातल्या लोकांविषयी मात्र तो इतक्या जिव्हाळ्याने बोलताना सहसा ऐकू येत नाही.

परमुलखातली माणसे अधिक प्रेमळ, अधिक सुखी, अधिक देवभोळी का वाटतात, हा प्रश्न जुना आहे. प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांनी तो बहुधा त्या त्या देशाची स्तुती करून सोडवला आहे. मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. त्याचे कारण सांगायचे तर ज्यांच्या आयुष्याची सुरुवात गोव्यात झाली आणि शेवट आमच्या वर्धा जिल्ह्यात झाला, अशा एका मराठी प्रवाशाची हकीकत सांगावी लागेल. ते प्रवासी म्हणजे धर्मानंद कोसंबी.

9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील सांखवळ या गावी त्यांचा जन्म झाला. घरची नारळीची बाग होती. शरीरप्रकृती बेताची आणि शाळेचे शिक्षण जेमतेम. लहान वयात लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. अशा तरुणाच्या हाती ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातला बुद्धावरचा लेख पडला, आणि पुढे कृष्णराव केळूसकरांनी लिहिलेले बुद्धचरित्र पडले. या वाचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली ती कायमची. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा, असा त्यांनी निश्चय केला. 1899 च्या अखेरीस ते घरातून निघाले. मुलगी माणिक त्या वेळी तान्ही होती.

पुण्याला डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. तिथून ग्वाल्हेर आणि मग काशी. काशीत अन्नछत्राच्या अन्नावर राहून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. आजच्या विद्यार्थ्याला अन्नछत्र म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागते. कोण्या एका दात्याने केव्हातरी पैसा ठेवलेला असतो, आणि ज्याला त्याने कधी पाहिले नाही असा मुलगा त्यावर जेवून शिकतो. कोसंबींच्या विद्येचा पाया अशा अनोळखी अन्नावर घातला गेला.

1902 मध्ये ते नेपाळला गेले. तिथे बौद्ध धर्म जिवंत आहे, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात जे दिसले त्याने त्यांची निराशा झाली. बुद्धाच्या देशात बुद्ध शोधायला गेलेल्या माणसाला पशुबळी आणि कर्मकांड पाहावे लागले. दुसऱ्या कोणी हिमालयाची शिखरे वर्णून ती निराशा झाकली असती. कोसंबींनी ती झाकली नाही. ‘निवेदन’ या त्यांच्या आत्मचरित्राचे मोल मला याचसाठी वाटते. परका देश आहे म्हणून त्याला जास्त गुण द्यायचे नाहीत आणि कमीही द्यायचे नाहीत, ही त्यांची रीत.

बुद्धगया, कलकत्ता असे करीत त्याच वर्षी ते सिलोनला पोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविर आचार्य होते. त्यांचे वय पंचाहत्तरीला आलेले. पालीप्रमाणे संस्कृतातही त्यांची मोठी ख्याती होती. त्यांनी या परक्या तरुणाला ठेवून घेतले, श्रामणेराची दीक्षा दिली आणि पाली शिकवली. ज्या भाषेतला धर्म आपण सातशे-आठशे वर्षांत जवळजवळ विसरून गेलो होतो, ती भाषा समुद्रापलीकडच्या एका वृद्धाने आपल्या माणसाला परत दिली. पण हेही खरे की तिथले अन्न आणि हवा त्यांना मानवली नाही. प्रकृती बिघडली आणि त्यांना तिथून निघावे लागले. गुरूचे प्रेम अपार मिळाले, तरी पोट आपल्या गावाचेच राहते.

पुढे ब्रह्मदेश. तिथे त्यांना ज्ञानतिलोक नावाचे जर्मन भिक्षू भेटले. हे मूळचे वीसबाडेनचे, पूर्वाश्रमीचे संगीताचे विद्यार्थी. सगाइंगच्या डोंगरातल्या गुहेत राहून या दोघांनी एका ब्रह्मी भिक्षूपाशी ध्यानाचा अभ्यास केला. एक गोव्याचा, एक जर्मनीचा, गुरू तिथला, आणि पात्रात पडणारा भात डोंगराखालच्या गावकऱ्यांचा. तो भात वाढणाऱ्या बाईला यातला एकही माणूस कोठून आला, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. काषायवस्त्र पाहिले की वाढायचे, एवढाच तिचा धर्म.

ही कथा मी शाळेतल्या मुलांना सेवाग्रामला नेले असता एकदा सांगितली होती. आर्वीहून ते गाव पन्नास-साठ किलोमीटरवर आहे, त्यामुळे सहलीला ते ठरलेलेच. बापूकुटीसमोर झाडाखाली डबे सोडून मुले बसली होती. मी रंगात येऊन काशी, सिलोन, ब्रह्मदेश सांगत होतो. सांगून झाल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, त्यांच्या तान्ह्या मुलीचे मग काय झाले?” मला चटकन उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे ती गोष्ट सांगत होतो, पण माणिकचे नाव सुरुवातीच्या एका वाक्यापुढे मी कधी घेतले नव्हते.

परमुलखातल्या सुखाचे एक रहस्य त्या प्रश्नात आहे. पाहुण्याला त्या घरचा हिशेब द्यावा लागत नाही. घरातली भांडणे त्याच्यापासून लपवलेली असतात, कर्ज त्याच्या नावावर नसते, आजारी माणसाच्या उशाशी रात्र त्याला काढावी लागत नाही. म्हणून त्याला ते घर सुखाचे दिसते. आणि तो ज्या घरातून निघालेला असतो, तिथला हिशेब दुसरे कोणीतरी सांभाळत असते. सगाइंगच्या गुहेत कोसंबी ध्यानाला बसले होते, त्या वेळी गोव्यात बाळाबाई मुलीला वाढवीत होत्या. त्या शांतीचा खर्च ब्रह्मी गावकऱ्यांनी जसा केला, तसा बाळाबाईंनीही केला. पहिल्या दात्यांची नोंद प्रवासी आनंदाने करतात. दुसऱ्या नावापाशी बहुतेकांची लेखणी अडखळते.

कोसंबी मात्र परतले. 1906 मध्ये भिक्षूचे वस्त्र उतरवून ते कलकत्त्यास पाली शिकवू लागले आणि गोव्यात जाऊन कुटुंबाला भेटले. 1907 मध्ये त्यांना मुलगा झाला. इतिहास आणि गणित या दोन्ही क्षेत्रांत नाव मिळवणारे दामोदर कोसंबी ते हेच. नंतर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा 50 रुपये देऊ केले. अट ही की महाराष्ट्रात राहायचे आणि मराठीत लिहायचे. कलकत्त्याची अधिक पगाराची नोकरी सोडून कोसंबींनी हे 50 रुपये पत्करले. परक्यांकडून घेतलेले आपल्या भाषेत फेडायचे, असा त्याचा अर्थ मी करतो.

1910 मध्ये ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘विशुद्धिमार्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. तिथे ग्रंथालय मोठे होते, पगारही होता. पण संपादनाचे श्रेय कोणाचे, यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि 1912 मध्ये ते परतले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. 1918 मध्ये पुन्हा हार्वर्डला जाताना त्यांनी माणिक आणि दामोदर यांना बरोबर नेले. माणिकचे शिक्षण तिथे झाले. त्या विद्यार्थिनीला पुढच्या वर्षी हे उत्तर मी दिले. तिचे समाधान झाले. माझे पुरते झालेले नाही; कारण त्या खेपेसही बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन मागे राहिल्या होत्या.

आयुष्याच्या अखेरीस, शरीर थकले आणि समाजाला आपला उपयोग उरला नाही असे वाटल्यावर, कोसंबींनी जैनांच्या सल्लेखनेप्रमाणे अन्न सोडण्याचे ठरवले. गांधीजींनी एकदा त्यांना परावृत्त केले. पण निश्चय टिकला, आणि सेवाग्रामच्या आश्रमात 4 जून 1947 रोजी त्यांनी देह ठेवला. जन्मभर परक्यांच्या अन्नावर ज्यांची विद्या पोसली, त्यांचे शेवटचे दिवस आमच्या जिल्ह्यातल्या माणसांच्या शुश्रूषेत गेले.

त्याच आश्रमात त्यांच्याआधी एक जपानी बौद्ध भिक्षू राहत असत. ते वाद्य वाजवीत आपला मंत्र म्हणत फिरायचे. जपानशी युद्ध सुरू झाले तेव्हा इंग्रज सरकारच्या पोलिसांनी त्यांना नेले. ते गेल्यावरही त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत राहिला. मुलांना त्याचा अर्थ कळत नाही. मलाही पहिल्या खेपेस कळला नव्हता. कोण्या पाहुण्याने ठेवून गेलेली वस्तू घरच्यांनी जपून ठेवावी, तसा तो मंत्र तिथे जपला आहे.

कौंडण्यपूरची पालखी निघते त्या दिवसांत आता मी वारकऱ्याला, काय पाहिले, एवढेच विचारत नाही. मागे घर कोणी सांभाळले, हेही विचारतो. बहुतेक जण क्षणभर थांबतात आणि मग एका बाईचे नाव सांगतात.