लॅपटॉपला नेटवर्क का दिसत नाही? वाय-फायच्या बँडचा इतिहास : एक धागा

१/
"सगळ्यांच्या फोनवर नेटवर्क दिसते, माझ्या लॅपटॉपवर मात्र दिसतच नाही." नवे फायबर कनेक्शन घेतलेल्या घरांत ही तक्रार हमखास ऐकू येते. तिच्यावर "कार्ड गेले असेल" असा निकालही लगेच लागतो. पुष्कळदा काहीही गेलेले नसते. या न दिसण्यामागे १९४७ पासूनचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
निमित्त घरचेच. गेल्या दिवाळीत मावशीकडे गेले होते. मावसभाऊ अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला. २०१५ सालचा, कोणीतरी वापरून विकलेला लॅपटॉप त्याच्याकडे. "ताई, हा गेला गं." दुरुस्तीवाल्याने आधी फॉरमॅटचे पैसे घेतले होते आणि मग नवा लॅपटॉप घेण्याचा सल्ला दिला होता. काका हप्त्यांची आकडेमोड करत बसले होते.

३/
प्रथम मूळ गोष्ट. वाय-फाय म्हणजे रेडिओच. रेडिओला जशी मीडियम वेव्ह, शॉर्टवेव्ह, तसे वाय-फायला वारंवारितेचे पट्टे, म्हणजे बँड असतात : २.४ गिगाहर्ट्झ, ५ गिगाहर्ट्झ आणि सर्वांत नवा ६ गिगाहर्ट्झ. ज्या कार्डात ५ गिगाहर्ट्झचा रेडिओच बसवलेला नाही, त्याला त्या बँडवरचे नेटवर्क क्षीण दिसत नाही, तुटक दिसत नाही. ते अजिबात दिसत नाही. फॉरमॅट करून नवा रेडिओ उगवत नाही.

४/
मग निर्मात्यांनी सगळे बँड सुरुवातीपासूनच का दिले नाहीत? उत्तरासाठी १९४७ मध्ये जावे लागते. त्या वर्षी अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषद भरली. उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या उपकरणांसाठी काही बँड तेथे राखून ठेवण्यात आले. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा भाग त्यांपैकी एक. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हन आजही तेथेच चालतो.

५/
संदेशवहनाच्या दृष्टीने ही पडीक जमीन होती. ओव्हनच्या गोंगाटात बोलणार कोण? अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगातील अभियंता मायकेल मार्कस यांनी मात्र या जमिनीचा पाठपुरावा केला. लष्करी वापरातील 'स्प्रेड स्पेक्ट्रम' तंत्राने, म्हणजे संदेश विस्तृत पट्ट्यावर पसरवून पाठवल्यास, गोंगाटातही तो टिकतो. ९ मे १९८५ रोजी आयोगाने ९०० मेगाहर्ट्झ, २.४ आणि ५.७ गिगाहर्ट्झ या भागांतील तीन पट्टे अशा उपकरणांना विनापरवाना खुले केले. वाय-फायची जन्मकथा येथून सुरू होते.

६/
१९९० मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने '८०२.११' नावाची समिती नेमली. दीर्घकाळ अध्यक्ष : व्हिक हेस. पहिले मानक १९९७ मध्ये आले. वेग सेकंदाला १ ते २ मेगाबिट. १९९९ मध्ये एकाच वेळी दोन भावंडे जन्मली. 'बी' : २.४ गिगाहर्ट्झवर, ११ मेगाबिट. 'ए' : ५ गिगाहर्ट्झवर, ५४ मेगाबिट. म्हणजे ज्याला आपण 'नवा' बँड म्हणतो, तो कागदावर पंचवीस वर्षांहून जुना आहे.

७/
कागदावर वेगवान 'ए', बाजारात विजयी मात्र 'बी'. 'बी'ची उपकरणे आधी आली, स्वस्त पडली आणि तिच्या लहरी भिंतींपलीकडे अधिक चांगल्या पोहोचत. जुलै १९९९ मध्ये ॲपलने आयबुकसोबत जे एअरपोर्ट कार्ड आणले ते 'बी'चे. मार्च २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनोचा गाजावाजा करून वायरलेस लॅपटॉप सर्वसामान्य केला. त्यातील पहिले कार्डही फक्त 'बी'चे. लॅपटॉपची एक अख्खी पिढी ५ गिगाहर्ट्झविनाच वाढली.

८/
२००९ मध्ये 'एन' हे मानक आले आणि येथे ग्राहकाची खरी फसगत झाली. 'एन' दोन्ही बँडवर चालू शकते. पण दोन्ही बँड देण्याची सक्ती नव्हती. परिणामी स्वस्त लॅपटॉपांत वर्षानुवर्षे केवळ २.४ गिगाहर्ट्झचे 'एन' कार्ड बसत राहिले. खोक्यावर 'एन' छापलेले, म्हणजे कायद्याने सर्व ठीक. अर्धा बँड गायब असल्याचे मात्र कोठे लिहिलेले नाही. २०१३ चे 'एसी' मानक केवळ ५ गिगाहर्ट्झचे, म्हणून ज्या कार्डावर 'एसी' आहे त्याला ५ गिगाहर्ट्झ दिसणारच.

९/
आता भारतात येऊ, कारण येथे प्रश्न यंत्राचा तसाच कायद्याचाही होता. १९३३ च्या भारतीय वायरलेस तारयंत्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बिनतारी उपकरण नुसते बाळगणेही गुन्हा होता. घरच्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन वार्षिक परवाना शुल्क भरल्याचे आपल्या आजी-आजोबांना आठवत असेल. त्याच कायद्यात केंद्र सरकारला सूट देण्याचाही अधिकार होता. भारतातील वाय-फाय त्या सुटीवर उभे राहिले.

१०/
जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झच्या काही भागाला तेव्हा सूट मिळाली ती केवळ इमारतीच्या आतल्या वापरापुरती. हा बँड खऱ्या अर्थाने खुला झाला ऑक्टोबर २०१८ मध्ये : एकूण ६०५ मेगाहर्ट्झ, घराबाहेरील वापरासह. मावसभावाचा लॅपटॉप २०१५ चा. त्या काळच्या स्वस्त यंत्राच्या निर्मात्याला ५ गिगाहर्ट्झवर खर्च करण्याची निकड का वाटली नसेल, हे या तारखांवरून समजते.

११/
कायद्याची आणखी एक खूण यंत्रात दडलेली असते : देशाचा संकेत. २.४ गिगाहर्ट्झवर भारतात १ ते १३ चॅनल चालतात. अमेरिकी बाजारासाठी बनवलेली यंत्रे बहुधा १ ते ११ वरच थांबतात. त्यामुळे नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेल्या लॅपटॉपला १२ किंवा १३ वर चालणारे घरचे नेटवर्क दिसेनासे होते. सीमाशुल्क भरून यंत्र देशात आले. त्याच्या आतला कायदा परदेशीच राहिला.

१२/
५ गिगाहर्ट्झच्या मधल्या भागात रडार आहेत, हवामानाचेही. २००३ मध्ये जिनिव्हा येथील जागतिक रेडिओ परिषदेत ठरले की वाय-फायने तेथे वावरावे, पण रडारची चाहूल लागताच चॅनल सोडावे. म्हणून राउटर ५२ ते १४४ या चॅनलांवर सुरू होण्यापूर्वी किमान मिनिटभर केवळ ऐकत बसतो. काही जुनी वा स्वस्त यंत्रे या चॅनलांकडे फिरकतच नाहीत. "५ गिगाहर्ट्झ कधी दिसते, कधी नाही" या कोड्याचे एक उत्तर येथे आहे.

१३/
नवा बँड आणि बहिरे यंत्र हे नाते वाय-फायपेक्षा जुने आहे. एडविन आर्मस्ट्राँग यांनी विकसित केलेले एफएम रेडिओ अमेरिकेत ४२ ते ५० मेगाहर्ट्झवर रुजत होते. १९४५ मध्ये दळणवळण आयोगाने ते ८८ मेगाहर्ट्झच्या वर हलवले. लोकांच्या घरातील लाखो संच धडधाकट होते. काही वर्षांतच त्यांना ऐकू येण्यासारखे काही उरले नाही. यंत्रे तीच होती, बँड सरकला होता.

१४/
दुसरे उदाहरण दूरचित्रवाणीचे. १९५२ मध्ये अमेरिकेने यूएचएफ बँड खुला करून १४ ते ८३ क्रमांकांची नवी चॅनल दिली. बहुतेक संचांना ती दिसत नव्हती. प्रेक्षक नाहीत म्हणून जाहिराती नाहीत, आणि पाहण्यासारखे काही नाही म्हणून नवे संच कोणी घेईना. हा तिढा बाजाराला सुटला नाही. १९६२ मध्ये कायदा झाला आणि १९६४ पासून प्रत्येक नव्या संचात सर्व चॅनल असणे बंधनकारक ठरले.

१५/
आमच्या आजोबांचा दोन बँडचा ट्रान्झिस्टर होता : मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह. भारतात एफएम १९७७ मध्ये मद्रासहून सुरू झाले. आमच्या घरी ते पोहोचले तेव्हा मी शाळेत होते. आजोबा बटण फिरवत राहत, एफएम लागत नसे. "याच्यात ते नाहीच," असे म्हणून ते पुन्हा आपल्या बातम्या लावत. रेडिओ बिघडला असे ते कधी म्हणाले नाहीत, कारण काचेवर बँड स्पष्ट छापलेले होते. लॅपटॉपवर तशी काचपट्टी नाही. घोळ तेथेच होतो.

१६/
नावांनी घोळ वाढवला. ऑक्टोबर २०१८ मध्ये वाय-फाय अलायन्सने अक्षरे बाजूला ठेवून वाय-फाय ४, ५, ६ अशी नावे दिली. हे पिढ्यांचे क्रमांक आहेत, बँडचे नाहीत. वाय-फाय ६ च्या यंत्राला ६ गिगाहर्ट्झ दिसतेच असे नाही. त्यासाठी 'वाय-फाय ६ई' लागते. त्यात नेटवर्कच्या नावापुढे '५जी' लागले की लोकांना मोबाइलचे ५जी आठवते. तेथे 'जी' म्हणजे गिगाहर्ट्झ, मोबाइलमधला 'जी' म्हणजे पिढी.

१७/
एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने ६ गिगाहर्ट्झचे तब्बल १२०० मेगाहर्ट्झ खुले केले. २०२१ मध्ये युरोपीय संघाने ४८० दिले. भारतात दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झसाठी मसुदा नियम प्रसिद्ध केले. म्हणजे २०१८ च्या मागेपुढे जे ५ गिगाहर्ट्झचे झाले, तेच आता ६ चे होणार. येथे दोन अटी अधिक आहेत : मायक्रोसॉफ्टने या बँडचा आधार विंडोज ११ पासून दिला, आणि जुनी डब्ल्यूपीए२ सुरक्षा या बँडवर चालत नाही. कार्ड असूनही नेटवर्क न दिसण्याची किंवा न जुळण्याची ही दोन कारणे.

१८/
आता कृती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागद हाती आला की तो आधी तारीख आणि शिक्का पाहतो. येथेही तसेच करावे.
• डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर उघडून कार्डाचे नाव वाचा आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्याचे बँड पाहा.
• फक्त 'बी/जी/एन' : बहुधा २.४ च. 'ए' किंवा 'एसी' : ५ आहे. 'एएक्स' : ६ आहे की नाही ते वेगळे तपासा.
• कार्डात बँड असेल तर ड्रायव्हर अद्ययावत करा आणि कार्डाच्या प्रगत सेटिंगमध्ये एखादा बँड बंद तर नाही ना, ते पाहा.

१९/
मग राउटरकडे वळा.
• २.४ गिगाहर्ट्झ बंद असेल तर चालू करा. दोन्ही बँडना वेगळी नावे द्या. कोणते दिसत नाही ते लगेच कळेल.
• २.४ चा चॅनल १ ते ११ मध्ये ठेवा, ५ चा ३६ ते ४८ मध्ये.
• राउटरमध्ये देश 'भारत' आहे ना, ते पाहा.
• कार्डात बँडच नसेल आणि वेग हवा असेल, तर दोन बँडचा छोटा यूएसबी अडॅप्टर लावा. आतले कार्डही बदलता येते, पण काही निर्माते ठरावीक कार्डच स्वीकारतात; आधी चौकशी करा.
नवा लॅपटॉप हा या यादीतील शेवटचा उपाय आहे.

२०/
मावशीकडे नेमके हेच निघाले. कार्ड 'बी/जी/एन'चे, आणि नवे कनेक्शन जोडणाऱ्याने राउटरचा २.४ बँड बंद ठेवला होता. तो चालू केला, नेटवर्क दिसले. दहा मिनिटे लागली. काकांनी हप्त्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मला मात्र त्या फॉरमॅटमध्ये पुसल्या गेलेल्या टिपणांचे वाईट वाटले. ती काही परत आली नाहीत.

२१/
टीव्हीसाठी १९६२ मध्ये अमेरिकेने कायदा केला; रेडिओच्या काचेवर बँड छापलेले असत. वाय-फायच्या ग्राहकाला यांपैकी काहीच मिळाले नाही. त्याच्या वाट्याला अक्षरे, आकडे आणि "कार्ड गेले" हे वाक्य आले. जुने यंत्र टाकून देण्याची ऐपत सर्वांची नसते, आणि चालते यंत्र टाकणे कोणालाच शोभत नाही. खोक्यावर बँड स्पष्ट छापा, एवढी मागणी ग्राहक म्हणून आपण करू शकतो.

२२/
तोवर, एखाद्या यंत्राला नेटवर्क दिसत नसेल तर ते बिघडले असे म्हणण्याआधी एवढेच विचारा : हे कोणत्या साली, कोणत्या देशासाठी बनले, आणि तेव्हा तेथे काय खुले होते? उत्तर पुष्कळदा तेथेच सापडते.

आपल्या घरी असा 'गेलेला' लॅपटॉप असेल तर कार्डाचे नाव खाली लिहा, मिळून वाचू. धागा समाप्त.