मांजराची हरवलेली माती

1/ दिंडोरी म्हटले की इतिहासाच्या वाचकाला ऑक्टोबर 1670 आठवतो. सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी याच परिसरात दाऊदखान कुरेशीच्या मोगल फौजेचा पराभव केला. आजचा धागा येथल्याच मातीशी निगडित आहे; पण भांडण घरातले आहे, माणूस आणि त्याचे मांजर यांच्यातले.

2/ सात-आठ महिन्यांचे मांजर. कोपऱ्यात नवा लिटर बॉक्स. तरीही ओली होते ती गादी, पायपुसणे किंवा धुण्याचा ढीग. चार दिवस रागावून झाले की पोते निघते आणि मांजर गावाबाहेर सोडले जाते. या खटल्यात इतिहासाची साक्ष मात्र मांजराच्या बाजूने आहे.

3/ पहिली साक्ष भाषेची. 'मांजर' हा शब्द संस्कृत 'मार्जार'पासून आला. त्याचे मूळ 'मृज्' धातूत मानले जाते. अर्थ पुसणे, स्वच्छ करणे. मार्जन आणि संमार्जनी, म्हणजे केरसुणी, हे शब्द त्याच कुळातले. सतत अंग चाटणाऱ्या या प्राण्याचे नावच मुळी 'स्वच्छ करणारा' असे आहे.

4/ दुसरी साक्ष वंशाची. 2007 मधील जनुकीय अभ्यासाने पाळीव मांजरांचे मूळ पश्चिम आशियातील रानमांजरात असल्याचे दाखवले. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या दफनात माणसाशेजारी मांजर सापडले आहे. कोरड्या मुलखातल्या या प्राण्याचे मूत्रपिंड पाणी राखून ठेवते. म्हणून लघवी घट्ट आणि उग्र.

5/ सैल माती उकरायची, बसायचे आणि वरून झाकायचे, ही रीत पिल्लू आईने शिकवली नाही तरी करते. ती त्याच्या रक्तातच आहे. त्याला ठराविक पेटी ओळखता येत नाही. पंजाखाली सरकणारी माती मात्र लगेच ओळखता येते.

6/ जुन्या मराठी घरात हा प्रश्न क्वचितच उभा राहिला, कारण माती दाराशीच होती. परसू, उकिरडा, शेताचा बांध, चुलीतली राख: मांजराला जागा शोधावी लागत नसे. त्याच्याकडे काम एकच होते, कणगीतले धान्य उंदरांपासून राखण्याचे.

7/ हे काम किती मोलाचे होते, ते प्लेगने दाखवले. 1896 मध्ये मुंबईत साथ उद्भवली आणि पुढे राज्यभर पसरली. उंदरांवरील पिसवांतून रोग पसरतो हे उमगल्यावर अमरावतीतील लष्करी वैद्यक सेवेचे डॉक्टर अँड्र्यू ब्युकॅनन यांनी 1908 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला.

8/ ज्या गावांत मांजरे भरपूर, तेथे प्लेग कमी, असे त्यांचे निरीक्षण होते. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, हे आज ठाऊक आहे. त्यामुळे तो उपाय निर्धोक नव्हता. तरीही घराच्या राखणदारांत मांजराची गणना झाली, ती या मातीत.

9/ मग घर बदलले. सारवलेल्या जमिनीच्या जागी शहाबादी फरशी आली, तिच्या जागी गुळगुळीत टाइल्स. परसावर सिमेंट पडले, चूल गेली, राखही गेली. धान्य डब्यात बंद झाले. मांजर घरातच राहिले. त्याची माती तेवढी बाहेर राहिली.

10/ लिटर बॉक्स हा या बदलावरचा अमेरिकी तोडगा. 1947 च्या हिवाळ्यात मिशिगनमध्ये एका बाईची वाळू गोठली. तिने मांजराला राख दिली, तर घरभर काळी पावले उमटली. शेजारच्या एडवर्ड लो याने तिला तेल शोषणारी दाणेदार माती दिली. पुढे तीच 'किटी लिटर' या नावाने विकली गेली.

11/ आज पिशवीतून मिळणारे, ओले होताच गोळा होणारे लिटर बहुधा बेंटोनाइटचे असते. त्यातले मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. त्याच कुळातल्या खनिजांमुळे दख्खनची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दिंडोरीच्या शिवारात जे पायाखाली आहे, त्याचेच भाऊबंद पैसे मोजून घरात येतात.

12/ म्हणून तरुण मांजर पेटीबाहेर गेले, तर आधी पेटी तपासावी. ती अरुंद आहे का? लिटरला अत्तराचा वास आहे का? शेजारी वॉशिंग मशीन घरघरते का? ती रोज साफ होते का? गादी निवडली जाते, कारण ती मऊ असते आणि पंजाला दबते. मांजराच्या लेखी ती मातीच्या जवळची.

13/ त्याहीआधी पशुवैद्य. वारंवार बसणे, कण्हणे, थेंब-थेंब लघवी किंवा तीत रक्त, ही आजाराची लक्षणे आहेत. बोक्याची लघवी पूर्ण तुंबली, तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी रागावण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही.

14/ शेपटी उभारून भिंतीवर उडवलेली धार ही वेगळी गोष्ट. तो हद्दीचा शिक्का आहे. वयात येणारा बोका तो मारतो, कधी भाटीही. नसबंदीने ही सवय बहुतेकदा थांबते किंवा बरीच कमी होते.

15/ डागावर काळे फिनेल ओतण्याची सवय मात्र सोडावी. प्लेगच्या काळात घरे ज्या कार्बोलिक अ‍ॅसिडने धुतली गेली, त्याच्या कुळातली द्रव्ये त्यात असतात. मांजराच्या यकृताला ती नीट पचवता येत नाहीत. पंजे चाटताना ती पोटात जातात. वास मुळापासून काढणारे एन्झाइमयुक्त द्रावण वापरावे.

16/ उपाय साधा आहे. मोठी, उघडी पेटी, निवांत कोपरा, बिनवासाचे, बारीक लिटर. बाहेर वाढलेल्या पिल्लासाठी त्यावर मूठभर कोरडी, चाळलेली माती पसरावी. ती द्राक्षबागेतली नसावी, तेथे औषधफवारणी झालेली असते. नाक घासणे किंवा मारणे यांतून मांजर एकच शिकते: माणसापासून लपून बसावे.

17/ हजारो वर्षे माणसाच्या धान्यापाशी राहिलेल्या या प्राण्याने आपली रीत बदललेली नाही. जमीन माणसाने बदलली. पोते काढण्यापूर्वी एवढा हिशेब मांडावा, आणि मांजराला त्याची ओंजळभर माती परत द्यावी.