मिलान ते सान रेमो : एका रस्त्याचा इतिहास

राजांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. लढायांचे त्याहूनही अधिक लिहिले गेले. परंतु ज्या रस्त्यांवरून राजे गेले, सैन्यें गेलीं, व्यापाऱ्यांचे तांडे गेले आणि अखेरीस तुमच्याआमच्यासारखीं सामान्य माणसेंही गेलीं, त्या रस्त्यांचा इतिहास लिहिण्याची बुद्धि फारच थोड्यांस झाली. आज मी आपणांस अशाच एका रस्त्याची हकीकत सांगणार आहें. हा रस्ता उत्तर इटलींतील मिलान शहरापासून निघतो, मैदान ओलांडून डोंगर चढतो आणि पलीकडे समुद्रकांठीं उतरून सान रेमो या गांवीं पोंचतो. लांबी सुमारें २९० किलोमीटर, म्हणजे आपले १८० मैल. १९०७ सालापासून या रस्त्यावर बहुधा दर वर्षीं, वसंताच्या आरंभीं, सायकलींची एक शर्यत होत आलेली आहे. कोण जिंकला आणि कोण हरला याची जंत्री वाचून दाखविण्याचा माझा हेतु नाहीं. जसजसा हा रस्ता सुधारत गेला, तसतशी त्या शर्यतीपुढें एक विलक्षण अडचण उभी राहिली. ती अशी कीं, वाटेंत अडचणच उरली नाहीं! त्या अडचणीचें लोकांनीं काय केलें, हें ऐकण्यासारखें आहे.

प्रथम त्या मुलुखाची ठेवण ध्यानांत घेऊं. श्रोत्यांनीं आपलें कोकण डोळ्यांपुढें आणावें : एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्रीची भिंत, आणि मध्यें जमिनीची चिंचोळी पट्टी. इटलीच्या लिग्युरिया प्रांताची रचना बरीचशी अशीच आहे. फरक इतकाच कीं, आपला समुद्र पश्चिमेस आहे, त्यांचा दक्षिणेस. आणि आपली पट्टी कांहीं ठिकाणीं पन्नास साठ किलोमीटर रुंद आहे, तर त्यांच्याकडे डोंगराचे सुळके थेट लाटांतच पाय बुडवून उभे आहेत. उत्तरेकडून येणारे थंड वारे हा डोंगर अडवून धरतो. म्हणून त्याच्या पाठीशीं पो नदीच्या मैदानांत धुकें आणि हिंव असतें, त्याच वेळीं पोटाशीं समुद्रकांठीं लख्ख ऊन पडलेलें असतें. याच उन्हावर तेथें ऑलिव्हची झाडें पोसतात, आणि याच उन्हाच्या जोरावर सान रेमोच्या आसपास फुलांची शेती इतकी वाढली कीं, त्या किनाऱ्यास ‘फुलांचा किनारा’ असेंच नांव पडलें.

अशा मुलुखांत रस्ता बांधणें सोपें नव्हतें. रोमन बादशहा ऑगस्टस यानें ख्रिस्तपूर्व १३ व्या वर्षीं या किनाऱ्यानें एक राजमार्ग बांधावयास काढला. आल्प्स पर्वतांतील टोळ्या जिंकल्यावर गॉल देशाकडे सैन्य नेण्यास वाट हवी, हा त्याचा हेतु. त्या मार्गावरचे कांहीं रोमन पूल दोन हजार वर्षांनंतर आजही उभे आहेत. पुढें रोमन सत्ता गेली आणि जिनोआच्या प्रजासत्ताकाचा उदय झाला. पण जिनोआचें सारें वैभव जहाजांवर अवलंबून होतें. ज्याचें घर समुद्राकडे तोंड करून आहे, तो मागच्या दाराची वाट कशाला दुरुस्त करील? शतकानुशतकें खेचरांच्या पाऊलवाटांवर या किनाऱ्याचें भागलें. गाडीरस्त्याचें काम खऱ्या अर्थानें सुरू झालें तें नेपोलियनच्या अमदानींत, आणि तेंही पुन्हां सैन्यासाठींच. १८७२ सालीं साव्होनापासून फ्रेंच सरहद्दीवरील व्हेंतिमिल्यापर्यंत किनाऱ्याकांठीं आगगाडी सुरू झाली, आणि मग मात्र यूरोपांतील श्रीमंत मंडळी हिंवाळ्यांत ऊन खाण्यासाठीं इकडे लोटूं लागली. रशियाची सम्राज्ञी १८७४-७५ चा हिंवाळा सान रेमोस राहिली. पारितोषिकांमुळें आपल्या परिचयाचे झालेले आल्फ्रेड नोबेल १८९६ सालीं येथेंच वारले. आणि ज्या परिषदेनें तुर्की साम्राज्याच्या अरबी मुलुखांची वांटणी केली, तीही १९२० च्या एप्रिलांत येथेंच भरली होती. खिलाफतीच्या चळवळीच्या त्या दिवसांत हिंदुस्थानांतील वर्तमानपत्रांचें लक्ष या लहानशा गांवाकडे कां लागलें होतें, हें यावरून कळेल.

आतां शर्यतीकडे वळूं. सान रेमोच्या हौशी मंडळींनीं १९०६ सालीं मिलानहून आपल्या गांवापर्यंत मोटारींची चढाओढ करून पाहिली. परंतु रस्त्याची दुर्दशा अशी कीं, बहुतेक मोटारी वाटेंतच बंद पडल्या. मोटारीस जें साधलें नाहीं तें सायकलीस साधेल, असें म्हणण्याचें धाडस ‘गॅझेत्ता देल्लो स्पोर्त’ या मिलानच्या वृत्तपत्रानें केलें. १४ एप्रिल १९०७ रोजीं पहाटे तेहतीस स्वार मिलानहून निघाले. फ्रेंच स्वार पेती-ब्रेतों हा अकरा तास चार मिनिटांनीं सान रेमोस पहिला पोंचला. ताशीं वेग पडला सव्वीस किलोमीटर. निघालेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोक सान रेमोपर्यंत पोंचलेच नाहींत.

हा वेग आज कोणास सामान्य वाटेल. पण त्या काळची सायकल कशी होती? लोखंडी, जड, आणि चढ असो वा उतार, एकाच दांत्याची. रस्त्यावर खडी, धूळ, आणि पाऊस पडला तर गुडघाभर चिखल. मार्गाच्या मध्यावर तुर्किनो नांवाची खिंड आहे. उंची अवघी ५३२ मीटर. आपला बोरघाट चढून खंडाळ्यास गेलें म्हणजे साधारण तेवढीच उंची होते. परंतु मैदान आणि समुद्र यांची सीमा ती हीच. माथ्यावर एक लहानसा बोगदा आहे. त्याच्या अलीकडे हिंवाळा, पलीकडे वसंत.

१९१० सालीं मात्र हिंवाळ्यानें ती सीमा सोडली नाहीं. त्या वर्षीं ३ एप्रिल रोजीं तुर्किनोवर बर्फाचे थर सांचले होते. एजेन क्रिस्तोफ नांवाचा पंचवीस वर्षांचा फ्रेंच तरुण सायकल हातांत धरून बर्फांतून चालत चालत खिंड ओलांडून गेला. पुढें त्याची शुद्ध हरपण्याची वेळ आली. वाटेवरील एका खाणावळवाल्यानें त्यास आंत नेलें, ओले कपडे काढून घोंगडींत गुंडाळलें आणि शेकोटीपाशीं बसविलें. अंगांत ऊब येतांच तो गृहस्थ उसन्या विजारीवर पुन्हां सायकलीवर बसला! बारा तासांहून अधिक वेळानें तो सान रेमोस पहिला आला. त्याच्यामागें शर्यत पुरी करणारे हातांच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. या विजयाची किंमत त्यास मोजावी लागली. तो कित्येक दिवस रुग्णालयांत पडून होता. त्या काळीं स्वाराचा खरा प्रतिस्पर्धी दुसरा स्वार नव्हता, रस्ता होता.

या मार्गावर नोव्ही लिगूरे नांवाचें गांव लागतें. सहा वेळां ही शर्यत जिंकणारा जिरार्देंगो तेथला, आणि फाउस्तो कॉप्पी हा जवळच्याच कास्तेल्लानिया या खेड्यांतला. दुसऱ्या महायुद्धांत कॉप्पी इटलीच्या सैन्यांत होता. १९४३ सालीं ट्यूनिसियांत तो इंग्रजांच्या हातीं सांपडला आणि युद्धकैदी झाला. १९४४ व १९४५ या वर्षीं शर्यत झालीच नाहीं. १९४६ च्या १९ मार्चला ती पुन्हां भरली, तेव्हां देशांत पूल मोडलेले होते, घरें पडलेलीं होतीं आणि पराभवाची लाज लोकांच्या मनांत ताजी होती. कॉप्पीनें मिलान सोडतांच पुढें मुसंडी मारली, तुर्किनोच्या चढावर शेवटच्या सोबत्यासही मागें टाकलें, आणि तो एकटाच बोगद्यांतून बाहेर पडून समुद्राकडे उतरला. दुसरा स्वार सान रेमोस आला तो त्याच्यानंतर चौदा मिनिटांनीं. त्या दिवशीं इटलीच्या रेडिओवरील निवेदकानें कॉप्पीचें नांव पुकारलें, आणि बाकीचे येईपर्यंत आतां नृत्याचें संगीत ऐका, असें सांगितलें, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो. युद्धानें गांजलेल्या लोकांस त्या चौदा मिनिटांत काय ऐकूं आलें असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

येथून पुढें कथेस निराळें वळण लागतें. युद्धानंतर रस्ते डांबरी झाले, आणि चढउतारांनुसार दांते बदलण्याची सोय सायकलीस झाली. तुर्किनोची दहशत गेली. आतां थोडें शास्त्र सांगितल्यावांचून पुढची गोष्ट उमगणार नाहीं. सपाट रस्त्यावर वेगानें जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ति हवा कापण्यांत खर्च होते. जो दुसऱ्याच्या पाठोपाठ राहतो त्यास हवेचा आडोसा मिळतो, आणि त्याचे श्रम पुष्कळच वांचतात. म्हणून गुळगुळीत रस्त्यावर एकट्यानें पुढें पळणें व्यर्थ ठरूं लागलें. सारा जमाव मिळून सान रेमोपर्यंत येई, आणि शेवटच्या दोनतीनशें मीटरांत ज्याच्या पायांत झेप अधिक तो जिंके. १९५३ नंतर एकाही इटालियनास ही शर्यत जिंकतां येत नव्हती, याचेंही शल्य त्या लोकांस होतें.

तेव्हां शर्यतीचे चालक तोरियानी यांनीं १९६० सालीं एक युक्ति योजिली. सान रेमोच्या अलीकडे किनाऱ्याचा सरळ रस्ता सोडून एका टेकडीवर चढणारी अरुंद वाट त्यांनीं मार्गांत घातली. दोहों बाजूंस फुलांचीं काचघरें, आणि मध्यें ही वांकडी वाट. तिचें नांव पोज्जो. इटालियन भाषेंत त्याचा अर्थच टेकाड. चढ अवघा ३.७ किलोमीटरांचा, आणि शंभर मीटरांस चार मीटरही नीट न चढणारा. बोरघाट पाहिलेल्या माणसास हंसूंच येईल. पण २८० किलोमीटर तोडून आलेल्या पायांस तें टेकाड पर्वत होतें. शिवाय चढावर वेग मंदावला कीं हवेचा आडोसा कमी उपयोगीं पडतो, आणि एकट्या शूरास पुन्हां संधि मिळते. पुढें हेंही पुरेना, तेव्हां १९८२ सालीं चिप्रेस्सा नांवाचा आणखी एक चढ त्याच्या अलीकडे जोडण्यांत आला. १९९० सालीं इटलीचा बुन्यो हा २९४ किलोमीटर साडेसहा तासांच्या आंत गेला. पेती-ब्रेतोंस लागलेल्या वेळाशीं ताडून पहा, म्हणजे त्र्याऐंशी वर्षांत रस्ता आणि सायकल कोठून कोठें गेलीं तें कळेल.

आतां कोणी विचारील कीं, चांगला सरळ रस्ता असतांना मुद्दाम टेकडीवर चढावयाचें, हें सोंग नव्हे काय? मला तसें वाटत नाहीं. कष्ट दोन प्रकारचे असतात. एक परिस्थितीनें लादलेले आणि दुसरे आपण होऊन पत्करलेले. क्रिस्तोफनें भोगलें तें पहिल्या प्रकारचें. तसे कष्ट पुन्हां कोणाच्या वांट्यास येऊं नयेत म्हणूनच माणूस रस्ते बांधतो, आणि तें योग्यच आहे. परंतु लादलेले कष्ट संपल्यावर ज्यास पत्करण्याजोगे कष्ट सांपडत नाहींत, त्याचें सामर्थ्य गंजत जातें. इटालियन लोकांनीं रस्ता गुळगुळीत केला तो शहाणपणाच. आणि मग टेकाड शोधून काढलें तोही शहाणपणाच. चाळीस वर्षें मुलांस शिकविल्यावर, सोपें करून सांगण्याइतकीच अवघड उदाहरण घालण्याचीही गरज असते, एवढें तरी मी खात्रीनें सांगूं शकतों.

रस्त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न २०२० सालीं पुढें आला. त्या वर्षीं महामारीमुळें शर्यत मार्चाऐवजीं ८ ऑगस्टला ठरली. किनाऱ्यावरील अनेक गांवांच्या नगराध्यक्षांनीं ऐन उन्हाळ्याच्या गर्दींत रस्ता बंद ठेवण्यास नकार दिला. तेव्हां तुर्किनो आणि बराचसा किनारा सोडून शर्यतीस डोंगरांतून दुसऱ्या वाटेनें जावें लागलें. शंभर वर्षांची कीर्ति असली तरी रस्ता प्रथम कांठच्या गांवांचा, हें त्यावरून दिसलें.

आणि त्याच गांवांनीं सायकलीस एक वाट कायमची देऊनही टाकली आहे. १८७२ ची ती आगगाडी २००१ सालीं तेथील बऱ्याच भागांत किनारा सोडून डोंगरांतल्या बोगद्यांत गेली. मोकळ्या झालेल्या जुन्या मार्गावर सान लोरेंझो ते ओस्पेदालेत्ती अशी सुमारें चोवीस किलोमीटरांची केवळ सायकलींची व पादचाऱ्यांची वाट झाली. २०१५ सालीं इटलीच्या मोठ्या शर्यतीचा पहिला टप्पा याच वाटेवर झाला. एरवीं तेथें मुलें, बायका आणि म्हातारीं माणसें समुद्राच्या कडेनें सावकाश सायकली चालवितात. सैन्यासाठीं आंखलेल्या, श्रीमंतांच्या गाड्यांनीं गाजलेल्या त्या किनाऱ्यावर आतां ज्याच्या पायांत बळ आहे त्यास उन्हांत फिरण्यास वाट मोकळी आहे. आणि ज्यास अधिक बळ अजमावयाचें असेल त्याच्यासाठीं पोज्जोचें टेकाड जवळच उभें आहे.