स्त्री जननेंद्रिय विच्छेदन आणि बालसंरक्षण (इंग्लंड व वेल्स)

स्त्री जननेंद्रिय विच्छेदन (स्त्री सुंता, खतना) म्हणजे वैद्यकीय कारण नसताना स्त्रीचे बाह्य जननेंद्रिय अंशतः वा पूर्णतः कापणे किंवा त्यास अन्य इजा करणे. जागतिक आरोग्य संघटनेने याचे चार प्रकार मानले आहेत. यामुळे रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्रविकार व प्रसूतीतील गुंतागुंत संभवते. आरोग्यास लाभ कोणताही नाही. ही प्रथा बहुधा बालवयात व कुटुंबाच्या संमतीने पार पाडली जात असल्याने मुलीला स्वतः तक्रार करणे कठीण जाते.

कायदा

युनायटेड किंग्डममध्ये १९८५ पासून हा गुन्हा आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २००३ च्या कायद्यानुसार कमाल १४ वर्षे कारावासाची शिक्षा असून, मुलीला परदेशी नेऊन केलेले कृत्यही त्यात येते. २०१५ च्या सुधारणेने धोक्यातील मुलीचे रक्षण न करणे हा पालकांसाठी स्वतंत्र गुन्हा ठरला. तसेच न्यायालयास संरक्षण आदेश देण्याचा व त्याद्वारे पारपत्र जमा करून घेण्याचा अधिकार मिळाला. पहिली दोषसिद्धी २०१९ मध्ये झाली.

धोक्याची चिन्हे

आई किंवा बहिणीवर हा प्रकार झालेला असणे, मूळ देशी दीर्घ सुट्टीचा बेत, तसेच मुलीने एखाद्या ‘खास समारंभा’चा केलेला उल्लेख ही पूर्वसूचना मानली जाते. चालताना वा बसताना वेदना, शौचालयात फार वेळ लागणे, खेळाच्या तासाला टाळाटाळ आणि वागण्यातील अचानक बदल ही घटनेनंतरची संभाव्य चिन्हे होत. यांपैकी एकच चिन्ह पुरावा ठरत नाही.

नोंदवण्याचे बंधन

३१ ऑक्टोबर २०१५ पासून शिक्षक, तसेच नोंदणीकृत आरोग्य व समाजसेवा कर्मचारी यांच्यावर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. १८ वर्षांखालील मुलीने स्वतः सांगितल्यास किंवा कर्मचाऱ्यास कामाच्या ओघात शारीरिक खुणा दिसल्यास ते लागू होते. शिक्षकाने मुलीची तपासणी करावयाची नसते. केवळ संशय असल्यास हे बंधन लागू नसले, तरी नेहमीच्या बालसंरक्षण यंत्रणेस कळवावे लागते. कारण कृत्य होण्यापूर्वी मुलीला वाचवण्याची संधी याच टप्प्यावर असते.

भारतातील स्थिती

भारतात याविषयी स्वतंत्र कायदा नाही. दाऊदी बोहरा समाजातील प्रथेविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनापीठाकडे सोपवली.