लसणातला बिनवासाचा भाग

लसणाचा इतिहास म्हटलं की सगळे वासामागे धावतात. १८४४ साली थिओडोर वेर्टहाइमनं त्याचं तेल ऊर्ध्वपातनानं काढलं. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हालिटो आणि बेलीनं ॲलिसिन वेगळं करून जंतूंवर तपासलं. पण मंडळी, पाणी वगळलं तर पाकळीत सर्वांत जास्त असतं ते फ्रुक्टन, म्हणजे फ्रुक्टोजच्या लांब साखळ्या. बिचाऱ्याला ना वास, ना ग्लॅमर!

मला मजा वाटते ती याची की त्याचा भाऊबंद, इन्युलिन, १८०४ मध्येच जर्मनीत व्हॅलेंटिन रोझला सापडला होता. एका मुळाचा काढा गार झाला आणि तळाशी पांढरी पूड बसली, बस्स. लसणाची रीतही साधारण तशीच: गरम पाण्यात अर्क काढा, गाळा, अल्कोहोल ओता, साका खाली बसतो.

हा साका आपल्याला पचत नाही. तो खातात मोठ्या आतड्यातले जंतू. अशा खाद्याला १९९५ साली गिब्सन आणि रोबरफ्रॉइड यांनी 'प्रीबायोटिक' हे नाव दिलं. मेख अशी, की खाता खाता हे जंतू गॅसही करतात. म्हणूनच नाजूक पोटाच्या अनेकांना लसूण बाधतो. त्यांच्यासाठी जुगाड: फ्रुक्टन तेलात विरघळत नाही. फोडणीत पाणी पडायच्या आत पाकळ्या काढल्या, तर वेर्टहाइमचा वास तेवढा तेलात उरतो.