श्वाननृत्य : नाचविणे नव्हे, सोबत नाचणे

दर्यापूर : गुबूगुबूच्या तालावर मान हलविणारा नंदीबैल, माकडवाल्याच्या डमरूवर कोलांटउडी मारणारे माकड, दरवेशाचे अस्वल. वऱ्हाडातील गावांना प्राण्यांचे खेळ नवे नाहीत. कुत्र्याच्या वाट्याला मात्र येथे बहुधा शेताची राखणच आली. याच कुत्र्याने माणसाच्या जोडीने संगीतावर नृत्य सादर करावयाचा एक क्रीडाप्रकार १९९०च्या दशकापासून युरोप-अमेरिकेत रुजला आहे. इंग्रजीत त्यास 'कॅनाइन फ्रीस्टाइल', तर युरोपातील अनेक देशांत 'डॉगडान्स' म्हणतात. मराठीत त्यास श्वाननृत्य म्हणता येईल.

दरवेशाच्या खेळात आणि या खेळात एक मूलभूत फरक आहे. तेथे प्राणी भीतीपोटी हालचाल करीत असे. येथे कुत्रा आनंदाने काम करतो की नाही, यावर परीक्षकांची नजर असते. प्रशिक्षणाची पद्धत, गुणदान आणि कायदा या तिन्ही बाबी याच मुद्द्याभोवती फिरतात.

उगम आज्ञापालनाच्या स्पर्धेतून

कुत्र्यांच्या आज्ञापालनाच्या स्पर्धा पाश्चात्त्य देशांत पूर्वीपासून होत असत. मालकाच्या डाव्या पायाला लगटून चालणे, थांबताच बसणे, हाक मारताच येणे असे त्यांचे स्वरूप असे. या काहीशा रुक्ष कवायतीला संगीताची जोड देण्याचा विचार काही प्रशिक्षकांच्या मनात आला. कॅनडात १९९१ मध्ये या खेळाची संघटना उभी राहिली. इंग्लंडमधील प्रशिक्षक मेरी रे यांनी १९९२ मध्ये 'क्रफ्ट्स' या जगप्रसिद्ध श्वानप्रदर्शनात संगीतावर आधारित प्रात्यक्षिक सादर केले आणि हा प्रकार सर्वदूर पोहोचला. अमेरिकेत बॉलरूम नृत्याची पार्श्वभूमी असलेल्या पॅटी व्हेंत्रे यांनी त्याच्या प्रसारासाठी जागतिक संघटना स्थापन केली. इंग्लंडमध्ये अटिला स्कुकालेक यांनी 'फ्लाय' या आपल्या बॉर्डर कॉली कुत्रीसह चार्ली चॅप्लिनच्या वेशात केलेले सादरीकरणही बरेच गाजले.

सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत हा खेळ नेला तो दूरचित्रवाणीने. 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' या कार्यक्रमाचे २०१२ चे विजेतेपद ॲशली बटलर या १७ वर्षांच्या मुलीने 'पडझी' या कुत्र्यासह पटकाविले. पडझी हा शुद्ध जातीचा नव्हता, तर संमिश्र रक्ताचा होता, ही बाब येथे महत्त्वाची आहे. याच कार्यक्रमात २०१५ मध्ये 'मॅटिस' हा कुत्रा विजयी झाला. मात्र अंतिम फेरीतील दोरावरून चालण्याची कसरत त्याने नव्हे, तर 'चेस' या दुसऱ्या कुत्र्याने केल्याचे नंतर उघड झाले. प्रेक्षकांनी मोठ्या संख्येने तक्रारी नोंदविल्या आणि प्रेक्षकांची दिशाभूल झाल्याचा निष्कर्ष ब्रिटनच्या प्रसारण नियामक संस्थेने काढला. या खेळात कसरतीपेक्षा त्या विशिष्ट जोडीचे नाते मोलाचे मानले जाते, हे त्या वादातून दिसून आले.

दोन प्रकार, तीन निकष

स्पर्धेचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात कुत्र्याने मालकाच्या शरीराजवळ राहून संगीतावर चालावयाचे असते. डावीकडे, उजवीकडे, समोर, पाठीमागे, सरळ अथवा उलट अशा अनेक स्थितींत हे चालणे होते. इंग्लंडच्या केनेल क्लबच्या नियमांनुसार या प्रकारात सादरीकरणाचा किमान दोन तृतीयांश भाग अशा चालीचा असावा लागतो.

दुसरा प्रकार मुक्तशैलीचा. त्यात कुत्रा दूर जाऊन गिरकी घेतो, मालकाच्या पायांमधून नागमोडी फिरतो, पुढचे पाय वाकवून नमस्कार करतो, उलट चालत जातो, हातावरून उडी मारतो. कोणत्या हालचाली घ्यावयाच्या, याचे स्वातंत्र्य जोडीला असते. सादरीकरण बहुधा दीड ते चार मिनिटांचे असते.

केनेल क्लबच्या पद्धतीत तीन निकषांवर प्रत्येकी १० असे एकूण ३० गुण दिले जातात. रचनेतील आशय व प्रवाह, हालचालींतील अचूकता आणि संगीताशी मेळ हे ते निकष होत. रिंगणात खाऊ किंवा खेळणे नेता येत नाही. कुत्र्याशी कठोर वर्तन केल्यास जोडी बाद होऊ शकते. कुत्र्याला वेदना होतील किंवा त्याच्या शरीररचनेला झेपणार नाहीत अशा हालचालींना स्थान नसते.

कुत्र्याला ताल समजतो काय?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. 'स्नोबॉल' नावाचा काकाकुवा गाण्याच्या लयीनुसार आपली हालचाल कमी-अधिक वेगाने करतो, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले होते. कुत्र्याचे तसे नाही. तो गाणे ऐकून नव्हे, तर मालकाचे शब्द, हात, खांदे आणि पावले पाहून हालचाल करतो. त्यामुळे तालाची जबाबदारी संपूर्णपणे माणसावर येते.

जाणकार प्रशिक्षक म्हणूनच आधी गाणे निवडून कुत्र्याला त्यात बसवीत नाहीत. कुत्रा दुडक्या चालीने चालत असताना त्याची पावले मोजली जातात आणि त्या गतीला जुळणारे गाणे शोधले जाते. ठेंगण्या, झपझप चालणाऱ्या कुत्र्याला द्रुत लय शोभते, तर थोराड कुत्र्याला संथ. प्रेक्षकांना कुत्रा तालावर नाचताना दिसतो; प्रत्यक्षात ताल कुत्र्याच्या चालीवर बेतलेला असतो.

प्रशिक्षण : छडी नव्हे, टिचकी

या खेळाची वाढ आणि बक्षिसावर आधारित प्रशिक्षणाचा प्रसार एकाच काळात झाला, हा योगायोग नव्हे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर व मारियन ब्रेलँड यांनी १९४०च्या दशकात ही तत्त्वे प्राण्यांच्या प्रशिक्षणात वापरण्यास प्रारंभ केला. पुढे हवाई बेटांवर डॉल्फिनना शिकविणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाद्वारे ती सामान्य श्वानप्रेमींपर्यंत पोहोचविली. पाण्यातील डॉल्फिनला ना साखळी घालता येते ना छडी मारता येते. त्याला हवेसे काही देऊनच शिकवावे लागते.

या पद्धतीत 'क्लिकर' ही टिचकीसारखा आवाज करणारी छोटी डबी वापरतात. प्रथम आवाज आणि लगेच खाऊ, असे अनेकदा करून त्या आवाजाचा अर्थ कुत्र्याच्या मनावर बिंबविला जातो. त्यानंतर हवी ती हालचाल घडताच, नेमक्या त्या क्षणी टिचकी वाजवितात. आपल्याला बक्षीस कशाबद्दल मिळाले, हे कुत्र्याला त्यामुळे अचूक कळते. डबी नसल्यास जिभेचा 'टक्' असा आवाज किंवा एखादा छोटा, ठरावीक शब्दही चालतो.

गिरकी शिकविण्याचे उदाहरण घेता येईल. खाऊ कुत्र्याच्या नाकाजवळ धरून हात सावकाश वर्तुळात फिरवावा. कुत्रा मागोमाग वळतो. वळण पूर्ण होताच टिचकी आणि खाऊ. पाच-सहा वेळा झाल्यावर हात रिकामा ठेवून तीच खूण करावी आणि खाऊ दुसऱ्या हाताने द्यावा. नंतर हाताचे वर्तुळ लहान करीत ते बोटाच्या इशाऱ्यावर आणावे. हालचाल खात्रीने होऊ लागल्यावरच तिला शब्द जोडावा. शब्द कोणत्याही भाषेतला चालतो. 'फिर', 'माघार', 'वाक' असे एकमेकांपासून वेगळे ऐकू येणारे शब्द असले म्हणजे झाले.

सुट्या हालचाली पक्क्या झाल्यावर त्यांची दोन-दोनची साखळी बांधतात. अनेक प्रशिक्षक साखळीतील शेवटची हालचाल आधी शिकवितात. त्यामुळे कुत्रा अनोळखी भागाकडून ओळखीच्या भागाकडे जातो आणि त्याचा उत्साह टिकतो. खाऊ हळूहळू विरळ केला जातो, कारण रिंगणात तो मिळणार नसतो. सराव दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी तीन ते पाच मिनिटांचाच असावा. कुत्रा जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला किंवा जमीन हुंगू लागला, की त्याच्यावर ताण आल्याचे समजून सराव थांबवावा.

स्फोटकांचा वास काढणाऱ्या श्वानांच्या प्रशिक्षणातही बक्षिसाला हेच महत्त्व असते. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील 'झंजीर' या लॅब्रेडॉरने १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून काढल्याची नोंद आहे. २००० मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा त्यास शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. खेळासारखे काम आणि कामासारखा खेळ, हे दोन्हींतील साम्य होय.

गावठी कुत्राही चालतो

श्वानप्रदर्शनात जातिवंतपणाला किंमत असते, श्वाननृत्यात नसते. अनेक संघटना संमिश्र रक्ताच्या कुत्र्यांना प्रवेश देतात. काही संघटना चित्रफितीवरूनही परीक्षण करतात. त्यामुळे दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी अंगणातल्या मोकळ्या जागेत गावठी कुत्र्यासोबत सराव करणाऱ्या मुलालाही या खेळाची दारे बंद नाहीत. आखूड केस, काटक बांधा आणि चौकस स्वभाव ही गावठी कुत्र्याची जमेची बाजू. तो स्वतंत्र वृत्तीचा असल्याने एकच गोष्ट वारंवार करावयास लावल्यास कंटाळतो. सराव अल्प आणि वैविध्यपूर्ण ठेवणे हा त्यावरील उपाय.

वऱ्हाडात खरी अडचण उन्हाची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कुत्रा मुख्यत्वे धापा टाकूनच शरीराची उष्णता कमी करतो, त्यामुळे त्यास उष्माघात लवकर होतो. उन्हाळ्यात सराव सूर्योदयापूर्वी अथवा दिवस मावळल्यावर बराच वेळाने करावा. हाताची मागची बाजू जमिनीवर काही सेकंद ठेवता येत नसेल, तर ती जमीन कुत्र्याच्या तळव्यांनाही सोसवत नाही. गुळगुळीत फरशीवर पाय घसरून सांधे दुखावतात. शेणाने सारवलेले किंवा मातीचे अंगण, नाहीतर सतरंजी बरी. माणसाला न जाणवणारे सुमारे ४५ हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज कुत्र्याला ऐकू येतात, म्हणून संगीताचा आवाज बेताचाच ठेवावा. वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे लहान जातींत साधारण एक वर्ष आणि मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत, उड्या आणि मागच्या पायांवर उभे राहणे टाळावे.

कायदा काय सांगतो?

विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये भारतीय सर्कसचा पाया घातला, तेव्हापासून महाराष्ट्राला प्रशिक्षित प्राण्यांच्या खेळांचे आकर्षण राहिले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये आला. त्याच्या कलम २२ नुसार ठरावीक प्राण्यांचे प्रदर्शन व त्यासाठीचे प्रशिक्षण यांवर केंद्र सरकार बंदी घालू शकते. १९९१ च्या अधिसूचनेत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या यांच्यासोबत कुत्र्याचाही समावेश होता. १९९८ च्या सुधारित अधिसूचनेतून कुत्रा वगळण्यात आला आणि सिंहाची भर पडली. सर्कसचालकांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये फेटाळले.

बैलाचा प्रवास याउलट झाला. २०११ मध्ये त्याचे नाव यादीत आले आणि २०१४ च्या निकालाने शंकरपटही थांबले. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. हा सारा वाद वऱ्हाडाने जवळून पाहिला आहे.

कुत्र्याच्या खेळावर बंदी नसली, तरी तो निर्बंधमुक्त नाही. प्रेक्षकांसाठी खुल्या करमणुकीत किंवा चित्रपटात वापरावयाच्या प्राण्याची २००१ च्या नियमांनुसार नोंदणी आवश्यक ठरते. प्रशिक्षण प्राण्याच्या मूळ स्वभावधर्माला अनुसरून असावे, त्यास वेदना होऊ नयेत, आजारी, जखमी किंवा गाभण प्राण्याला खेळ करावयास लावू नये, अशा अटी त्यात आहेत. जाहीर कार्यक्रमापूर्वी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे विचारणा करणे आयोजकांच्या हिताचे आहे. घरच्या अंगणातही कुत्र्याला मारहाण करणे हा १९६० च्या कायद्यानुसार गुन्हाच ठरतो.

थोडक्यात

- प्रारंभ 'बस', 'थांब' आणि 'ये' या तीन आज्ञांपासून करावा. नंतर गिरकी व नमस्कार.
- खाऊ वाटाण्याएवढा असावा. उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे शिजविलेले चिकन किंवा पनीर चालते. दिवसाच्या आहारातून तेवढा वाटा कमी करावा.
- चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि लसूण देऊ नये. ते कुत्र्याला विषारी ठरतात.
- रेबीजची लस साधारणपणे तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित द्यावी.
- लंगडणे, उडीस नकार देणे किंवा बसताना त्रास होणे हा हट्ट नसून दुखण्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी सराव बंद करून पशुवैद्यकाकडे जावे.
- कुत्र्याने तोंड फिरविले, तर तो दिवस तेथेच संपवावा.