करार, तह आणि कबुलायत: सही आहे, पण संमती?

कोरियन मालिका बघणाऱ्या महाडच्या एका श्रोत्याने विचारलंय, त्यांत सारखा कानावर येणारा ‘ग्येयाक’ म्हणजे काय?

ग्येयाक म्हणजे करार. त्यातला ‘याक’ म्हणजे दिलेला शब्द. साध्या वचनालाही तिकडे ‘याकसोक’ म्हणतात. पुढे कागद या अर्थाचा ‘सो’ लावला की झाला ‘ग्येयाकसो’, म्हणजे आपला करारनामा. कोरियनांनी हे शब्द चिनीतून घेतले. आपणही अरबी ‘करार’ घेतला, त्याला फारसी ‘नामा’ जोडला आणि शब्द आपलासा केला. करार दोन राज्यांमधला असेल, तर तिकडे तो ‘जोयाक’ आणि आपल्याकडे ‘तह’.

तहाचं म्हणाल, तर महाडकरांना लांब जायला नको. मे १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला पोहोचला. महाराज तेव्हा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेलेले. वकिलाला थांबावं लागलं. मग बोलणी सुरू झाली. मध्यस्थीला निराजीपंत होते. राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई, इंग्रजी नाण्यांचं चलन, किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांवरचा माल, अशा मुद्द्यांवर घासाघीस झाली. असा माल राजाचा, ही कोकणची जुनी वहिवाट; ती सहजासहजी सोडायला महाराज तयार नव्हते. राज्याभिषेकानंतर जूनमध्येच तह ठरला. मला यात मोलाची वाटते ती घासाघीस. दोन्ही बाजूंना ‘नाही’ म्हणता येत होतं.

आता कोरियाकडे वळू. १९०५ मध्ये जपानने सैन्याच्या धाकाखाली कोरियाचा परराष्ट्र व्यवहार आपल्या हाती घेतला, आणि त्याला नाव दिलं तह. सम्राट गोजोंगने त्याला मान्यता दिली नव्हती. १९०७ मध्ये दाद मागायला त्याने हेगला दूत धाडले. तिथे त्यांना परिषदेत बसू दिलं नाही. आज बरेच कोरियन त्या कागदाला ‘जोयाक’ म्हणत नाहीत. ‘नुग्याक’ म्हणतात, म्हणजे बळजबरीने घेतलेला शब्द. एकच अक्षर बदललं, पण सगळी तक्रार त्यात आली.

आपल्याकडे असा वेगळा शब्द झाला नाही. खोतीच्या काळात कोकणातलं कूळ खोताला कागद लिहून देई, त्याचं नाव ‘कबुलायत’. कबूल! जमीन गेली तर खायचं काय, या भीतीने उठवलेला अंगठा, आणि नावात मात्र राजीखुशी. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, ते याच व्यवस्थेविरुद्ध. खोती संपवणारा कायदा यायला १९४९ उजाडलं.

तेव्हा मंडळी, घरात जुनी दप्तरं असतील तर ती उघडा. कागदावर कबुलायत लिहिलंय की करार, एवढंच बघून थांबू नका. सही करणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोय होती का, तेही बघा.